शालेय ग्रंथपाल आणि मुलांचं शिकणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालक, शिक्षक आणि मुख्याध्यापक शाळेच्या ग्रंथालयाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची ही उत्तरं. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते विषय थोडक्यात उरकण्याजोगे नाहीत.

पुस्तकांची देवघेव सोडून ग्रंथपाल दिवसभर काय करतात?

देवघेव हा त्यांच्या कामाचा दिसणारा भाग. त्यामागे बरंच चालू असतं. कोणत्या वर्गात पुढच्या महिन्यात काय शिकवलं जाणार आहे ते विचारून पुस्तकं आधीच काढून ठेवायची, नवी पुस्तकं चाळून, वाचून निवडायची, दाखलनोंद आणि वर्गीकरण करायचं, शिक्षकांबरोबर बसून प्रकल्प आखायचे, मुलांना माहिती शोधायला आणि पारखायला शिकवायचं. आणि काय वाचावं हेच ज्या मुलाला उमगत नाही, त्याच्याशी बोलत बसायचं. या शेवटच्या कामाची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. माझ्या मते मात्र बाकीची सगळी कामं त्या एका कामासाठी आहेत.

एस. आर. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिला : पुस्तकं वापरासाठी आहेत. दुसरा : प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरा : प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. पहिला नियम पाळायला कपाटांची कुलपं काढली तरी सुरुवात होते. दुसरा आणि तिसरा पाळायचा, तर पुस्तकंही ओळखणारं आणि मुलंही ओळखणारं माणूस तिथे असावं लागतं.

हे काम वर्गशिक्षक करू शकत नाहीत का?

काही भाग करू शकतात, करतातही. पण शिक्षकांच्या डोक्यात त्यांचा विषय आणि त्यांचं वर्ष असतं. वर्ष संपलं की मुलं पुढच्या वर्गात जातात. ग्रंथपालांसमोर तेच मूल वर्षानुवर्षं येत राहतं. दुसरीत फक्त चित्रं बघणारा मुलगा सहावीत यंत्रांची पुस्तकं मागू लागला, ही वाट त्यांनी स्वतः पाहिलेली असते.

शिवाय ग्रंथालयात गुण मिळत नाहीत आणि कापलेही जात नाहीत. वर्गात हात वर करायला कचरणारी मुलं इथे 'मला हे कळलंच नाही' असं सरळ सांगतात.

'इफ्ला' ही ग्रंथालय संस्थांची आंतरराष्ट्रीय संघटना आणि युनेस्को यांचा शालेय ग्रंथालय जाहीरनामा १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात भर आहे तो दोघांच्या एकत्र कामावर : शिक्षक आणि ग्रंथपाल मिळून काम करतात तिथे मुलांचं वाचन, शिकणं आणि समस्या सोडवण्याचं कौशल्य अधिक चांगलं होतं.

मुलानं मागितलेलं पुस्तक काढून देणं, यात शिकवण्यासारखं काय आहे?

मूल जे मागतं ते त्याला हवं असतंच असं नाही. इथूनच शिकवणं सुरू होतं.

समजा, एक मुलगी येते आणि म्हणते, "बाई, पाण्यावरचं पुस्तक हवंय." पाण्यावरची पुस्तकं कपाटांत चार ठिकाणी विखुरलेली असतात : रसायनशास्त्रात, भूगोलात, आरोग्यात, पाणीपुरवठ्याच्या तंत्रात. त्यातलं एक तिच्या हातात दिलं की ती दोन पानं उतरवून काढेल आणि प्रकल्प संपेल. त्यापेक्षा ग्रंथपाल विचारतात, "पाण्याबद्दल काय जाणून घ्यायचंय तुला?" उत्तर ठरलेलं : "सगळंच." मग पुढचा प्रश्न : "पाण्याबद्दल कधी कशाचं नवल वाटलंय?" थोडा वेळ शांततेत जातो. तो जाऊ द्यावा लागतो. मग ती म्हणते, "नदीचं पाणी गोडं असतं. सगळ्या नद्या समुद्राला मिळतात. मग समुद्र खारट कसा?"

आता तिच्याकडे स्वतःचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर ग्रंथपालांना दोन वाक्यांत देता येईल : नद्या खडकांतले क्षार थोडे थोडे विरघळवून समुद्रात आणतात, समुद्रातल्या पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. पण ते हे सांगत नाहीत. ते तिला पुस्तकाच्या शेवटची शब्दसूची उघडून दाखवतात. 'पाणी' या शब्दापुढे तीस पानांचे आकडे असतील, 'क्षार' या शब्दापुढे दोनच, हे तिचं तिलाच दिसतं. नेमका शब्द शोधला की शोध छोटा होतो, हे ती त्या दिवशी शिकते. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, ही माहिती तिला तिच्या हातानं सापडते.

ग्रंथपालांच्या प्रशिक्षणात या संभाषणाला संदर्भ मुलाखत म्हणतात, आणि ती शिकावी लागते. 'हो' किंवा 'नाही' एवढ्यावर भागेल असा प्रश्न विचारायचा नाही. मुलाचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही. 'कशाला हवंय?' असं तर मुळीच विचारायचं नाही, कारण त्या शब्दांत मुलांना संशय ऐकू येतो आणि ती गप्प होतात. मागे दहा मुलं रांगेत उभी असताना हे जमत नाही. म्हणून आठवड्यातल्या एकाच तासाला अख्खा वर्ग ग्रंथालयात आणून सोडण्याच्या पद्धतीबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. तेवढ्या वेळात देवघेव कशीबशी होते, बोलणं होत नाही.

प्रकल्प उत्साहानं सुरू करणारी मुलं मध्येच का ढेपाळतात?

या प्रश्नाचा कॅरल कुल्थाउ या अमेरिकन संशोधिकेनं १९८०च्या दशकात शाळकरी मुलांबरोबर बारकाईनं अभ्यास केला. त्यांनी माहिती शोधण्याचे सहा टप्पे मांडले : काम हाती घेणं, विषय निवडणं, चाचपडणं, नेमका मुद्दा ठरणं, साहित्य जमवणं आणि मांडणी. त्यांनी टप्प्यांबरोबर मुलांच्या मनाची अवस्थाही नोंदवली. विषय निवडल्यावर मुलांना हायसं वाटतं. त्यानंतर लगेच, चाचपडण्याच्या टप्प्यावर, गोंधळ आणि शंका वाढतात. एक पुस्तक एक सांगतं, दुसरं त्याच्या उलट. मुलांना वाटतं, आपल्यालाच काही येत नाही.

या टप्प्यावर मुलं दोन वाटा धरतात. एक तर विषय बदलतात, नाहीतर कुठून तरी तयार मजकूर उचलतात. उतरवून काढलेले बरेचसे प्रकल्प आळसातून येत नाहीत, या घाबरण्यातून येतात, असं माझं ठाम मत आहे. मूल अडकलं आहे हे ग्रंथपालांना ओळखता आलं आणि 'या टप्प्यावर सगळ्यांचंच असं होतं' एवढं त्यांनी सांगितलं, तरी ते मूल पुढे सरकतं. त्यानंतरची मदत साधी असते. सापडलेल्या माहितीतल्या कोणत्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत ते एका कागदावर लिहायला सांगायचं. तिथेच बहुतेकदा प्रकल्पाचा मुद्दा सापडतो.

शिक्षकांना एक विनंती. प्रकल्पाची तारीख देताना मुद्दा ठरवायला वेगळा आठवडा द्या, आणि विषय मुलांना सांगण्याआधी ग्रंथपालांना कळवा.

सगळी माहिती इंटरनेटवर आहे. मग ग्रंथपालांची गरज उरते का?

गरज वाढली आहे. पूर्वी छापील पुस्तक शाळेत येईपर्यंत संपादक, प्रकाशक आणि ग्रंथपाल अशा तिघांच्या नजरेखालून जायचं. पडद्यावरच्या पानाबाबत ही चाळणी मुलाला स्वतःलाच लावावी लागते.

ती कशी लावायची, याबद्दल स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांचा एक अभ्यास फार उपयोगी आहे. त्यांनी ४५ जणांना संकेतस्थळं पारखायला दिली : १० इतिहासकार, २५ पदवीचे विद्यार्थी आणि बातम्यांची सत्यता तपासणारे १० व्यावसायिक. त्यात जवळजवळ सारख्या नावाच्या, बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची पानं होती. एक मोठी, जुनी व्यावसायिक संघटना. दुसरी तिच्यातून फुटून निघालेला छोटा गट. विद्यार्थी त्याच पानावर रेंगाळले. बोधचिन्ह, नीटनेटकी मांडणी, खालची संदर्भसूची पाहून त्यांनी मत बनवलं. कित्येक इतिहासकारही असेच फसले. सत्यता तपासणाऱ्यांनी ते पान जवळजवळ लगेच सोडलं, शेजारी नवी खिडकी उघडली आणि या संघटनेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते शोधलं. थोड्या वेळात ते बरोबर निष्कर्षाला पोचले.

म्हणजे अनोळखी पान आधी बारकाईनं वाचायचं नाही. आधी बाहेर जाऊन ते कोणाचं आहे ते बघायचं. मुलांना आपण एरवी 'नीट वाच, पूर्ण वाच' असं सांगतो, त्यामुळे ही सवय त्यांना उलटी वाटते. एका व्याख्यानानं ती लागत नाही. विज्ञानाच्या, इतिहासाच्या, आरोग्याच्या खऱ्या कामात ग्रंथपाल शेजारी बसून ती पुन्हा पुन्हा करून घेतात, तेव्हा लागते.

आणि एआय? मुलं आता त्यालाच विचारतात.

विचारतात, आणि विचारणार. एआय साधनं अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांची नावं, लेखक आणि पृष्ठक्रमांक अगदी आत्मविश्वासानं देऊ शकतात, एवढं मुलांना एकदा स्वतः पाहू द्यावं. त्यासाठी एक चांगला तास घेता येतो. एआयकडून एखाद्या विषयावरची दहा पुस्तकांची यादी मागायची आणि प्रत्येक पुस्तक खरोखर आहे का ते ग्रंथालयांच्या ऑनलाइन सूचीत शोधायचं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, दिला असेल तर तोही तपासायचा. २००७ पासून तो १३ अंकी आहे आणि शेवटचा अंक आधीच्या बारा अंकांवरून गणितानं काढलेला असतो. त्यामुळे मनानं रचलेला क्रमांक बऱ्याचदा तिथेच उघडा पडतो. गणिताच्या शिक्षकांना या तासाला जरूर बोलवावं.

बंदी घालून हा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. कोणत्या कामात एआय चालेल आणि कोणत्या कामात नाही, हे शिक्षक आणि ग्रंथपालांनी मिळून आधी लिहून द्यावं.

मूल फक्त कॉमिक्स वाचतं. चालेल का?

चालेल. वाचू द्या. चित्र आणि मजकूर मिळून अर्थ लावणं हेही वाचनच आहे.

वाचनपातळीनुसार पुस्तकांवर रंगीत पट्ट्या लावाव्यात का?

माझं उत्तर : नको. पातळी मोजणं शिक्षकांना वर्गात उपयोगी पडतं. पण कपाटावर ती पट्टी लागली की कोण कुठल्या पट्टीतलं वाचतो हे सगळ्या वर्गाला कळतं. मागे पडलेलं मूल मग कपाटाकडे फिरकतच नाही. अमेरिकेतल्या शालेय ग्रंथपालांच्या संघटनेनंही अशा पट्ट्यांच्या विरोधात भूमिका घेतली आहे.

दुसरंही एक कारण आहे. मुलाला विषयाची ओढ असेल तर ते आपल्या 'पातळी'च्या वरचं वाचतं. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ साली ६४ विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं आणि तो डाव छोट्या प्रतिकृतीवर मांडून, सांगून दाखवायला लावला. वाचनात कच्ची पण खेळाची चांगली माहिती असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ माहीत नसलेल्या मुलांच्या पुढे गेली. ज्याला अंतराळयानांचं वेड आहे त्या मुलाला अंतराळयानांचं जाड पुस्तक नेऊ द्या. पहिल्या भेटीत ते फक्त चित्रांखालच्या ओळी वाचेल. तेवढंही पुरे.

माझं मूल वाचतच नाही. ग्रंथपाल काय करू शकतात?

सगळ्यात आधी 'वाचतच नाही' म्हणजे काय ते शोधतात. अक्षरं जुळवताना दमतं का? मग डिस्लेक्सियाची, म्हणजे अक्षरं-शब्द वाचण्यातल्या अडचणीची, शक्यता तपासायला हवी. अशा मुलांना मोठ्या, सुट्या छपाईची पुस्तकं आणि श्राव्य पुस्तकं मिळायला हवीत. पुस्तक ऐकत ऐकत ओळींवर बोट फिरवणं ही फसवणूक नाही. घरी बोलतात ती भाषा आणि शाळेची भाषा वेगळी आहे का? मग घरच्या भाषेतली पुस्तकं आणावी लागतात. की त्याला मिळणारी पुस्तकंच त्याला नको आहेत?

तिसरी शक्यता फार मोठी असते. रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रान्झेन यांनी गरीब वस्त्यांतल्या शाळांमधल्या मुलांना सलग तीन वर्षं उन्हाळी सुट्टीपूर्वी प्रत्येकी १२ पुस्तकं दिली. कोणती, ते मुलांनी स्वतः निवडलं. अशी पुस्तकं न मिळालेल्या मुलांपेक्षा या मुलांचे वाचनाचे गुण चांगले आले, आणि सर्वांत गरीब मुलांमध्ये परिणाम अधिक दिसला. सुट्टीत ग्रंथालय बंद आणि पुस्तकं कपाटात, ही पद्धत म्हणूनच मोडायला हवी. सुट्टीच्या आदल्या आठवड्यात देवघेवीची मर्यादा काढून टाका.

न वाचणाऱ्या मुलाला एका वेळी एकच पुस्तक सुचवू नये. तीन-चार समोर ठेवावीत आणि आपण बाजूला व्हावं. आवडलं नाही तर अर्धवट परत करण्याची मुभा आहे, हे आधीच सांगावं.

मुलांना वर्गीकरणाचे आकडे शिकवायची गरज आहे का?

पाठ करायला लावू नका, पण त्यामागचा विचार जरूर दाखवा. पुस्तकांना विषयानुसार आकडे देण्याची मेल्विल ड्यूई यांची दशांश पद्धत १८७६ सालची. तिच्यात लांडगा ५९९ मध्ये, सस्तन प्राण्यांत सापडतो आणि कुत्रा ६३६.७ मध्ये, पाळीव प्राण्यांत. एक विज्ञानाच्या कपाटात, दुसरा शेती आणि तंत्रज्ञानाच्या. असं का, हा प्रश्न चौथीतल्या मुलांना विचारून बघा. अर्धा तास वाद चालतो, आणि गोष्टींची विभागणी माणसं आपल्या सोयीनं करतात हे मुलांच्या ध्यानात येतं.

चांगली दिसणारी पुस्तकं ग्रंथपाल बाद का करतात?

कारण चुकीची माहिती चांगल्या कागदावरही चुकीचीच असते. २४ ऑगस्ट २००६ रोजी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेनं प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढून बटुग्रह ठरवलं. त्याआधीची 'नऊ ग्रहां'ची पुस्तकं विद्यार्थ्यांच्या हाती तशीच द्यायची का? आरोग्य, विज्ञान, नकाशे, संगणक यांची कपाटं दर वर्षी तपासावी लागतात. जुनी कथापुस्तकं, स्थानिक इतिहास, दुर्मीळ प्रती यांना वेगळा नियम लागतो. दाखलनोंदीतलं प्रत्येक पुस्तक हिशेबात दाखवावं लागतं, या धाकानं कित्येक शाळांमध्ये कालबाह्य पुस्तकं जागा अडवून बसतात. बाद करण्याची लेखी पद्धत शाळेनं ठरवून दिली तर ग्रंथपालांच्या मानेवरचं हे ओझं उतरतं.

पुस्तक हरवलं किंवा उशिरा आलं तर दंड घ्यावा का?

उशिरासाठी घेऊ नये. ज्यांच्या घरात पैशाची ओढाताण आहे, ती मुलं दंडाच्या भीतीनं ग्रंथालयात येणं थांबवतात. अमेरिकन लायब्ररी असोसिएशननं २०१९ साली दंडाला विषमतेचा एक प्रकार म्हटलं, आणि शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयानं त्याच वर्षी उशिराचा दंड बंद केला. हरवलेल्या पुस्तकाबद्दल पालकांशी बोलावं. पण तोवर मुलाची देवघेव थांबवू नये.

माझं मूल काय नेतं, हे ग्रंथपाल मला सांगतील का?

लहान मुलांच्या बाबतीत बहुतेक शाळा सांगतात. वाढत्या वयात मात्र थोडी जागा ठेवा. शरीरातले बदल, आईवडिलांचं भांडण, जवळच्या माणसाचा मृत्यू यांवरची पुस्तकं मुलं गुपचूप नेतात, आणि ती नेता येणं त्यांच्यासाठी फार मोलाचं असतं. वाचकाची गुप्तता जपणं हा इफ्लाच्या २०१२ सालच्या आचारसंहितेचाही भाग आहे. मुलाच्या जिवाला धोका असल्याची शंका आली तर गोष्ट वेगळी. तेव्हा शाळेच्या समुपदेशकांना कळवायलाच हवं.

ग्रंथपालांमुळे शिकणं सुधारतं याला पुरावा आहे का?

आहे, पण तो नीट वाचायला हवा. कीथ करी लान्स आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिथे ग्रंथालयात पुरेसे कर्मचारी आणि संग्रह होता, त्या शाळांचे वाचनाचे गुण जास्त होते, आणि कुटुंबांची आर्थिक स्थिती हिशेबात धरूनही हा फरक टिकला. पुढे अनेक राज्यांत तसाच कल दिसला. हे सहसंबंध आहेत, म्हणजे दोन गोष्टी सोबत दिसतात एवढंच. चांगल्या शाळा ग्रंथपालही नेमतात आणि इतरही बरंच चांगलं करतात, ही शक्यता उरतेच.

ओहायो राज्यात रॉस टॉड आणि कुल्थाउ यांनी ३९ शाळांतल्या १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनाच विचारलं. जवळजवळ सगळ्यांनी ग्रंथालयाची काही ना काही मदत झाल्याचं सांगितलं. अर्थात त्या शाळा चांगल्या ग्रंथालयांच्या म्हणून निवडलेल्या होत्या.

स्वतःच्या शाळेत काय चाललंय ते बघायचं असेल तर देवघेवीचे आकडे मोजून थांबू नका. मुलांच्या प्रकल्पांतल्या संदर्भसूची वर्षाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या काढून शेजारी ठेवा. सगळं एकाच संकेतस्थळावरून घेतलंय, की वेगवेगळ्या ठिकाणचं तपासून पाहिलंय, ते लगेच दिसतं.

ग्रंथालयात शांतता हवीच ना?

एका कोपऱ्यात हवी. उरलेल्या जागेत मुलांना बोलू द्या.

आमच्या शाळेत ग्रंथपालच नाही. ग्रंथपाल मिळेपर्यंत काय करता येईल?

कुलूप काढा आणि मधल्या सुट्टीत कपाटं उघडी ठेवा. एका शिक्षकाला आठवड्याचे काही तास लेखी नेमून द्या, त्या तासांत दुसरं काम देऊ नका. मोठ्या वर्गातली मुलं देवघेव उत्तम सांभाळतात, त्यांना ती शिकवा. पण मुलांकडून इतर मुलांच्या नोंदी तपासून घेऊ नका. जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या ग्रंथपालांना महिन्यातून एकदा बोलवा आणि त्यांना पुस्तकं लावायला न सांगता मुलांशी बोलायला बसवा. मुलांनी मागितलेली आणि न मिळालेली पुस्तकं एका वहीत लिहून ठेवा. ग्रंथपालांच्या पदासाठी अर्ज कराल तेव्हा ती वही सोबत जोडा.